काळा न पडलेला छल्ला

"ह्या रुपां न्हय. ह्या कथील. वास्कोच्या सोनारान तुझ्या बापाशीक फसयल्यान, नायतर तुझ्या बापाशीन आमका," आत्या ओरडत होती. आता नार्व्याच्या माझ्या आत्याचं ओरडणं म्हणजे तुमच्याआमच्यासारखं ओरडणं नव्हे. ती आमच्या पेडण्यातल्या घराच्या ओसरीवर तोंड उघडायची आणि नदीपलीकडची गुरं आपल्याला हाक आली समजून गोठ्याकडे निघायची, असं मी आजवर शंभर जणांना सांगितलं आहे आणि त्यातल्या नव्वदांनी ते खरं मानलं आहे. तिच्या मुठीत वहिनीचा छल्ला होता. लग्नात माहेरून आलेला, कमरेला खोचायचा, चाव्या अडकवायचा छल्ला, चांदीचा. चांदीला आमच्याकडे रुपं म्हणतात. आत्याच्या मते ते रुपं नव्हतंच. वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, लग्नाला वर्षही न झालेली, खांबाला टेकून उभी होती. बाबांना त्याच सकाळी इस्पितळातून आणलं होतं. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मीही त्याच गाडीतून आलो होतो, पोट आतून खरवडल्यासारखं. आई दारात बसून होती. दादा अंगणात चप्पल घालत होता, काढत होता, पुन्हा घालत होता. आणि आत्या तो छल्ला दातांखाली धरून चावून बघत होती.

हे सगळं अळम्यांवरून. महाराष्ट्रात अळंबी म्हणतात, आम्ही अळमी म्हणतो. आमच्या घरात श्रावण पाळत, म्हणजे महिनाभर मासळीचं नावही घ्यायचं नाही, आणि मासळी गेली की आमच्याकडच्या पुरुषांच्या तोंडावर जी कळा येते ती मी सांगत बसत नाही. बाबा जेवायला बसत तेव्हा ताटाकडे असं बघत, जणू कुणीतरी ताटातून उठून गेलं आहे आणि आता परतायचं नाही. त्या दुःखावर एकच उतारा होता. हळर्णच्या किल्ल्याच्या उतारावर, पडक्या तटाखाली, रोयणींवर, म्हणजे वाळव्यांच्या वारुळांवर, अळमी उगवायची. टोकदार छत्रीची, हाडासारखी पांढरी, मातीचा वास असलेली. आई पहाटेची जाऊन आणायची, सागवानाच्या पानात बांधून. ओलं खोबरं, धणे, मिरी, भाजलेला कांदा वाटून तिचं तोंडाक व्हायचं, दाट रशाचं, आणि पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकून मी उंडे, म्हणजे गोल पाव, आणायला धावायचो. उंडा फोडायचा, त्या रशात बुडवायचा आणि गप्प बसायचं. आमच्या घरात एरवी कुणी गप्प बसत नसे. त्या जेवणात एकदा बाबा इतके रंगले की दारातून साप आत आला, खांबाला वळसा घालून बाहेर गेला, तरी त्यांनी मान वर केली नाही. साप होता हे खरं. वळसा माझा.

तर रिवाज असा होता. अळमी शिजायला टाकली की आई देवघरातून पोर्तुगीज राजवटीतलं चांदीचं एक नाणं आणायची, धुवायची आणि पातेल्यात सोडायची. विषारी अळमी असेल तर नाणं काळं पडतं. नाणं पांढरं राहिलं की पोटात घालायला हरकत नाही. आईच्या सासूनं असंच केलं होतं, तिच्याही सासूनं. नाणं दर वेळी पांढरंच निघायचं. आई ते पदराला पुसून पुन्हा देवापुढे ठेवायची, आणि आम्हाला कधी काही झालं नाही.

कधीच काळं न पडलेल्या नाण्याची भीती कुणाला वाटणार? ती भीती त्याला मी मिळवून दिली. मी तेव्हा दहा-अकराचा असेन. आईच्या पायात काटा मोडलेला, म्हणून रोयणी मला ठाऊक आहेत असं बघून तिनं मलाच किल्ल्याकडे पाठवलं. अळमी मिळाली, भरपूर मिळाली. येताना ओहोळात खेकडे दिसले आणि पानांची पुडी मी दगडावर ठेवली, आणि दगड कलंडला, आणि श्रावणातलं ते सगळं सुख वाहत थेट समुद्राकडे गेलं. रिकाम्या हातानं घरी गेलो असतो तर पाठीची साल गेली असती. म्हणून वाटेत मी एक म्हातारी तयार केली. किल्ल्याखाली एक म्हातारी भेटली, कुठल्या गावची ठाऊक नाही, ती म्हणाली दाखव बघू, तिनं तीन दगड मांडून थोडी अळमी उकळली, आपलं रुप्याचं कांकण त्यात बुडवलं आणि ते बाहेर काढलं तेव्हा तव्याच्या बुडासारखं काळं. मग आम्ही सगळी फेकून दिली. एका कावळ्यानं चोच मारली आणि तो तिथल्या तिथे पाय वर करून मेला. आईनं मला जवळ घेतलं. त्या दिवशी मला तूपभात मिळाला. मी तो चाटूनपुसून खाल्ला आणि मला जराही लाज वाटली नाही.

गोष्ट चांगली होती, म्हणून ती चालली. मी ती वर्षानुवर्षं सांगितली आणि सांगताना तिला खाऊपिऊ घातलं. एका कावळ्याचे तीन झाले. म्हातारीचं पातेलं गळायला लागलं. आणि मग एक गंमत अशी झाली की ती माझ्याकडेच परत यायला लागली, दुसऱ्यांच्या तोंडून. आत्या नार्व्याला सांगायची ती तिच्या डोळ्यांदेखतची म्हणून. शेजारणीकडे त्यात मांजर होतं. मला हे ऐकून गुदगुल्या व्हायच्या. वहिनी लग्न होऊन आली, ती वास्कोची, बापाची बंदरात नोकरी, तिनं अळमी पाहिली होती ती बाजारात पानात बांधलेली. पहिल्या श्रावणात मागच्या पडवीत ती आईजवळ बसून नारळ खवत होती, आणि नव्या माणसापुढे मला जास्तच स्फुरण चढतं, तेव्हा मी तिला कावळ्यांसकट सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिनं खवणं थांबवून विचारलं, "भावजी, तुमच्या समोर काळं पडलं?" मी म्हटलं, "ह्या डोळ्यांसमोर, वहिनी. अजून स्वप्नात येतं." आई मान हलवत होती. माझ्या घरात मी एकटाच असा माणूस होतो ज्याच्या समोर रुपं काळं पडलं होतं.

पुढच्या सोमवारी आई देवदर्शनाला नार्व्याला गेली, आत्याकडे मुक्कामाला. दादा डिचोलीला खाणीच्या ट्रकवर होता. सकाळी वहिनीला गोठ्यामागे, शेणाच्या खड्ड्याजवळच्या गवतात, पांढरीशुभ्र अळमी दिसली, तळहाताएवढाल्या छत्र्यांची. तिला वाटलं, मामंजींना आज सासूबाईंशिवाय खाऊ घालावं. देवघरातलं नाणं तिनं घेतलं नाही, कारण देवघराला हात लावायला तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. तिनं कमरेचा छल्ला काढला, चिंचेनं घासला, धुतला आणि पातेल्यात टाकला. पंधरा मिनिटं घड्याळ लावून ठेवला. पांढराच राहिला. तिनं तो काढून, पुन्हा एकदा टाकून बघितला. इतकी काळजी आमच्या सात पिढ्यांत कुणी घेतली नव्हती. मी दुपारी कॉलेजातून आलो तेव्हा तोंडाक ताटात होतं. बाबांनी दोनदा मागून घेतलं, मी तीनदा. रीतीप्रमाणे वहिनी शेवटी बसली, तिच्या वाट्याला पातेल्याच्या कडेचं चिकटलेलं आलं.

तीन वाजता बाबा उठून परसात गेले ते परत आलेच नाहीत, तिथंच बसले. मग मी. त्याचं वर्णन करायला मला एरवी मजा आली असती. वहिनीलाही दोनदा उलटी झाली, पण ती तोंड पुसून अनवाणी रस्त्यावर गेली, पहिल्या ट्रकपुढे हात पसरून उभी राहिली, ड्रायव्हरला घेऊन आली आणि आम्हा दोघांना त्यात चढवलं. बाबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ते सारखं पाणी मागत होते आणि मग त्यांनी मागायचं सोडलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर वडलांचं काही सांगता आलं नसतं. हे वाक्य आमच्या घरात नंतर कुणीही, कधीही उच्चारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई आणि आत्या पोचल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चौकस होत्या. छल्ल्याचं आणि नाण्याचं सगळं ऐकून त्यांनी आईला खाटेशी बसवून विचारलं, "हे नाणं आजपर्यंत किती वेळा काळं पडलं?"

आई म्हणाली, "आमचा नाय पडला. पण पडता. ह्येच्या समोर पडलेला." आणि माझ्याकडे बोट केलं.

"तुम्ही बघितलंत?" बाईंनी मला विचारलं.

माझ्या हातात सलाईनची सुई होती. पलीकडच्या खाटेवर बाबा होते. वहिनी पायथ्याशी उभी होती, दोन दिवसांच्या त्याच साडीत, आणि माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. वर आणि खाली. एवढंच. आयुष्यात मी लाखभर थापा मारल्या असतील, त्या सगळ्या तोंडानं. न बोलता मारलेली ही एकच, आणि तिच्याइतकी महाग दुसरी नाही.

बाई आईकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मावशी, तुम्ही अळमी नेहमी कुठली काढता?" आई म्हणाली, रोयणीवरची. "म्हणजे चांगलीच काढता. मग नाणं टाकलं नसतं तर काय झालं असतं?" आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मला दिसलं, तिच्या डोक्यात काहीतरी सरकलं होतं. पण उत्तर आत्यानं दिलं. "नाणां होता म्हणान काय झाला नाय." आणि ते सरकलेलं पुन्हा जागेवर गेलं.

तर आता त्या ओसरीवर परत येतो. कारण नाणं खोटं बोलत नाही हे सिद्ध होतं, माझ्या मानेनं सिद्ध केलेलं. मग खोटं कोण? छल्ला. छल्ला खोटा म्हणजे तो देणारा बाप खोटा. आणि दुसरंही एक होतं. "दोगय बापये आडवे पडले," आत्या बाबांकडे नि माझ्याकडे बोट करत म्हणाली, "आणि ही उभी. कशी रे उभी?" ज्या रीतीनं तिला पातेल्याची कड मिळाली ती रीत आत्यानेच तिला शिकवली होती. आई म्हणाली, "काय दिवस तू चुलीकडे येव नको." आवाज न चढवता म्हणाली. चुलीकडे येऊ नको म्हणजे ह्या घरात तुझं काम नाही. हे वहिनीला कळलं, दादालाही कळलं. दादानं चप्पल घातली ती ह्या वेळी काढली नाही. दोन दिवसांनी तो तिला वास्कोला सोडून आला. छल्ला आत्याच्या मुठीतच राहिला होता. तो मी घेतला.

मी संतापलो होतो. लोकांना वाटतं गप्पिष्ट माणसाला राग येत नाही. पेडण्याचा सोनार आत्याच्या ओळखीचा, म्हणून मी बस बदलून डिचोलीला गेलो. तिथल्या शेटांनी कसोटीवर एक रेघ ओढली, तेजाबाचा थेंब टाकला आणि म्हणाले, "चोख आहे. मोडायचा आहे?" मी म्हटलं, मोडायचा नाही, एका बाईचं तोंड बंद करायचं आहे. शेट म्हणाले, त्याला तेजाब पुरायचं नाही.

पुरलं नाहीच. "चोख असात," आत्या म्हणाली. "पण हिनां पातेल्यात सोडताना हात ओलो होतो."

मग मी गोठ्यामागे गेलो. ती अळमी तिथं पुन्हा उगवली होती, तीच, पांढरी, मोठी, निर्लज्ज. मी टोपलीभर काढली. बाहेरच्या चुलीवर, जिथं न्हाणीचं पाणी तापतं, तिथं एक जुनं मडकं ठेवलं, देवघरातून आईचं नाणं उचलून आणलं, आईला, आत्याला आणि दोन शेजारणींना अंगणात बसवलं, बाबांची खाट दारात ओढली. बाबांना मरणाच्या दारात नेणारी तीच अळमी, सात पिढ्यांचं तेच नाणं. पाऊण तास उकळलं. मग पळीनं नाणं काढलं आणि आईच्या तळहातावर ठेवलं. पौर्णिमेच्या चंद्रासारखं पांढरं. त्यावरच्या राजाची मिशीसुद्धा दिसत होती.

आईनं ते उलटसुलट करून बघितलं. मला वाटलं, झालं. मी त्याच भरात सांगून टाकलं. म्हातारी नव्हती. कांकण नव्हतं. पुडी ओहोळात पडली होती आणि मला मार चुकवायचा होता. अळम्यांनी रुपं काळं पडलेलं ह्या जगात कुणीही बघितलेलं नाही, कारण ते मी ओहोळावरून घरी येताना वाटेत बनवलं.

"पुरुषाच्या हाताक ता दाखवणा नाय," पहिली शेजारीण म्हणाली.

"नाणां पण आता जुना झाला," दुसरी म्हणाली. "थकता ता."

आणि आत्या, जिच्या तोंडात तो कावळा मी स्वतः घातला होता, ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत म्हणाली, "बाबल, तुझ्या पोटात गेला ता डोक्यात चढला. कावळो किल्ल्याकडे न्हय मेलो. आमच्या नार्व्याच्या परड्यात मेलो. ती जागा मी ह्या हातांनी शेणान सारयलंय."

मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. हात जोडले, पाय आपटले, मडकं लाथाडलं. खरं सांगायला मी आयुष्यात पहिल्यांदा एवढे कष्ट घेतले आणि माझं एक अक्षर कुणी घेतलं नाही. ते खोटारडे होते असं म्हणून मी सुटलो असतो, पण आत्या खोटं बोलत नव्हती. तिला तो कावळा दिसत होता. तिला त्या शेणाचा वास येत होता. आज माझ्या नातवंडांच्या फोनवर रोज सकाळी कुणाच्या तरी काकांचा मधुमेह कसल्या तरी पाल्यानं पळालेला असतो, मेव्हण्याच्या छातीतली कळ कसल्या तरी काढ्यानं थांबलेली असते, आणि सांगणारा शपथेवर सांगत असतो की मी स्वतः अनुभव घेतलाय. पोरं म्हणतात, आजोबा, एवढा माणूस खोटं कशाला बोलेल? मला तो फोन विहिरीत टाकावासा वाटतो. खोटं बोलत नाही रे. बोलला असता तर पकडता आलं असतं. आणि ज्याचा काका पाला खाऊन गेला, त्याचा निरोप फिरत नाही. त्या घरात कुणाला तसलं काही लिहायची हौस उरलेली नसते. आमच्या परसात हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कळलं होतं, आणि तरीही परवा लग्नात मी सापाच्या वळशाची गोष्ट सांगितलीच, आणि लोक हसले, आणि मला बरं वाटलं. स्वतःवरच्या रागाचा उपयोग काय तोही मला ह्या वयात ठाऊक आहे.

सगळ्या गेल्यावर मी आईला विचारलं, "आई, तू रोयणीवर अळमी काढतेस तेव्हा ती चांगली आहे हे तुला कशावरून कळतं?"

"ओढल्यार मूळ लांब येता," आई म्हणाली. "रोयणीत खोल गेलेला आसता. नाय इला तर ता आमचा न्हय. टाकून द्यायचा."

"हे वहिनीला सांगितलं होतंस?"

"ता काय सांगूचा?" आई म्हणाली. "ता हाताक कळता. तिका रुप्याचा सांगलंय मगे."

मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. सात पिढ्या आम्हाला त्या बोटांनी जिवंत ठेवलं आणि श्रेय देवघरात नाण्याला मिळालं. मी म्हटलं, वहिनीला बोलावून घे. आई नाणं पुसत होती. "आमच्या घरात तसा कधी झाला नाय," ती म्हणाली. बाबांनी खाटेवर कूस बदलली.

त्याच आठवड्यात मी छल्ला घेऊन वास्कोला गेलो. तीन बसगाड्या. वाटभर मी भाषण जुळवलं, कारण मला वाटत होतं की हे ऐकून तिचा जीव हलका होईल, आणि मीच तिला सन्मानानं परत आणीन. क्वार्टरच्या दारात ती विळीवर बसून नारळ खवत होती. बंदरात कुठल्याशा बोटीचा भोंगा वाजला. तिनं मला पाट दिला, पाणी दिलं, आणि पुन्हा खवायला बसली. मी सगळं सांगितलं. सोनार, कसोटी, मडकं, नाणं, राजाची मिशी. मग कावळाही सांगितला. ओहोळ, खेकडे, तूपभात, सगळं. तिचा हात थांबला नाही.

"घरी सांगितलंत हे?" तिनं विचारलं.

"सांगितलं. कुणी मानत नाही."

"आईंनी बोलावलंय?"

"नाही."

तिनं नारळाची कवड फिरवून धरली. मला तो खवण्याचा आवाज सहन होईना. तीन बसगाड्यांचा राग वर आला आणि तो ज्याच्यावर यायचा त्याच्यावर न येता समोर बसलेल्या माणसावर आला. मी म्हटलं, "ती माणसं अडाणी, वहिनी. पण तुम्ही मॅट्रिक झालेल्या, शहरात वाढलेल्या. एका चांदीच्या तुकड्यावर तुम्ही तरी कसा विश्वास ठेवलात?"

"चांदीवर कुठं ठेवला?" वहिनी म्हणाली. "तुम्ही सांगितलंत, म्हणून टाकला."